गणपतीत पाळलेला बोआ साप आमच्याकडे सांभाळायला ठेवून घेतला नाही, त्या रिव्ह्यूला उत्तर

दादा, तुमचा राग कळतो. गावाला निघायच्या आदल्या दिवशी ऐरोलीवरून विटाव्याच्या ट्रॅफिकमधून साप घेऊन ठाण्याला आलात आणि आम्ही दारातूनच परत पाठवलं, कोणीही चिडेल. आधी तपासणी आणि मगच बोर्डिंग, हे आमच्या मुलाने फोनवर सांगायला हवं होतं, ती चूक आमची, ॲडव्हान्स त्याच दिवशी परत केलाय. तुमचं परिवेश या सरकारी पोर्टलवरचं सापाचं रजिस्ट्रेशनही व्यवस्थित होतं, त्याचा काही प्रश्न नव्हता.

पण "साप एकदम हेल्दी, दिवसभर पाण्यात मजेत पडून असतो, यांनी उगाच कारण काढलं" असं लिहिलंय ना, त्यावर बोलायलाच लागेल. अहो ती मजा नाही, अंगावर माइट्स म्हणजे बारीक किडे झाले की साप असाच पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो. तुमच्यासमोरच ओल्या पांढऱ्या टिश्यूने हनुवटीखाली पुसलं तर काळे ठिपके निघाले आणि ते चालत होते, आठवतंय ना? हे रक्त पितात आणि अंडी घालतात टँकच्या फटींत, त्यामुळे नुसता साप धुवून भागत नाही, खालचा भुसा, लाकडं सगळं काढून टँक साफ करावा लागतो. बोआला आयबीडी म्हणून एक व्हायरल आजार होतो, त्यावर इलाज नाही, आणि तो माइट्समधून पसरतो असा संशय आहे. तुमच्या सापाला तो आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पण आत दुसऱ्यांचे 6 साप होते, उद्या त्यांना मी काय तोंड दाखवू?

आणि मान वर करून तोंड किंचित उघडं ठेवत होता ते तुम्ही म्हणालात पोज देतोय... नाकाशी बुडबुडे होते दादा. सापाला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर काढता येत नाही, आतच साचत जातो, त्यामुळे होईल बरा म्हणून थांबायचं हे दुखणं नाही. रात्रभर एसी 22 वर, हीट मॅट बंद, वर जाळीवर टॉवेल, असं तुम्हीच सांगितलंत. टॉवेल आधी काढा. गरम बाजू 31-32 डिग्री, थंड बाजू 26 च्या आसपास, थर्मोस्टॅट लावूनच. ओलावा 60-70 टक्के हवा पण हवा कोंडलेली नको.

डॉक्टरांचा नंबर त्या दिवशी चिठ्ठीवर दिला होता, अजून गेला नसाल तर उद्याच जा, आणि तोवर मेहेरबानी करून कुत्र्याच्या गोचिडीचा स्प्रे मारू नका.