कटाचं आयसिंग

भाचीच्या डोहाळजेवणाची बैठक बहिणीकडे भरली होती आणि मी तिथे फक्त चहाला गेलो होतो. हॉल ठरला. फुलांचे दागिने ठरले. भाचीला चंद्रकोरीवर बसवायचं की होडीत, यावर अर्धा तास गेला; धनुष्यबाण गेल्या वर्षी तिच्या जावेनं धरून झाला होता म्हणून तो बाद. मग पाहुण्यांना जाताना हातात काय द्यायचं हा विषय निघाला आणि भाचीनं मोबाईल पुढे केला. झबल्याच्या आकाराच्या गुलाबी-निळ्या कुकी. काचेसारख्या गुळगुळीत, वर मोत्यांसारखे ठिपके, गळ्याला पांढरी वेलबुट्टी, आणि प्रत्येक झबलं वेगळ्या पिशवीत, रिबीन बांधून.

"केवढ्याला?" बहिणीनं विचारलं.

"एकशेवीस."

"डझन?"

"एक."

"एका बिस्किटाला एकशेवीस रुपये?"

"बिस्कीट नाही गं आई. शुगर कुकी."

माझी सगळी नोकरी हिशेबात गेली, त्यामुळे गुणाकार डोक्यात आपोआप होतात. साठ पाहुणे, सात हजार दोनशे रुपये. आणि तोंडातून निघून गेलं, "हात्तिच्या! मैदा, साखर, लोणी. मी करतो की!"

"मामा, खरंच?" भाचीचे डोळे चमकले. सातव्या महिन्यातल्या मुलीला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. बायको काहीच बोलली नाही. ती बोलते तेव्हा काळजीचं कारण नसतं, हे मला पंचवीस वर्षांत कळलेलं आहे.

माझी पात्रता सांगायची तर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी केळ्याचा केक सहा वेळा केला होता आणि तो चार वेळा फुगला होता. त्याआधीचा अनुभव म्हणजे नानकटाई. लहानपणी दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून द्यायची आणि मी ते घेऊन बेकरीत रांगेला उभा राहायचो. तिथला माणूस आपल्यादेखत पीठ मळायचा, गोळे पत्र्यावर मांडायचा आणि पत्रा भट्टीत सरकवायचा. माझं काम एवढंच, की आपला पत्रा कुठला यावरची नजर हलवायची नाही. शेजारच्या काकूंच्या तुपाबद्दल आईचं मत वाईट होतं. नानकटाई फुगायची, तिला वर भेगा पडायच्या, आणि भेगा पडल्या म्हणजे जमली असं सगळे मानायचे.

शुगर कुकीचा धर्म बरोब्बर उलटा. तिनं फुगायचं नाही, पसरायचं नाही, तिला भेग पडता कामा नये. सरकारी कचेरीत गेलेल्या अर्जासारखं, जशी आत गेली तशी जराही फरक न पडता बाहेर यायला हवी. मला हे पहिला घाणा काढल्यावर कळलं, कारण नानकटाईच्या सवयीनं मी चिमूटभर बेकिंग पावडर घालून बसलो होतो. क्रॉफर्ड मार्केटमधून हौसेनं तीन साचे आणले होते: झबलं, दुधाची बाटली आणि बाळाचं पाऊल. झबल्यांच्या बंड्या झाल्या. बाटल्यांचे दुधी भोपळे झाले. पावलं बघून आई म्हणाली, "हत्तीचे पाय छान जमलेत."

दुसऱ्या घाण्याला पावडर वगळली, तर लोण्यानं दगा दिला. जुलैच्या डोंबिवलीत ओट्यावर ठेवलेलं लोणी दहा मिनिटांत हातपाय गाळतं. त्यामुळे पीठ लाटायचं, साच्यानं कापायचं, ताटासकट फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दगड झालं की थेट ओव्हनमध्ये घालायचं. जाडी सगळीकडे पाव इंच हवी, नाहीतर कडा जळतात आणि पोट कच्चं राहतं. त्यासाठी पोळपाटाच्या दोन अंगांना दोन जाड पेन्सिली ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवायचं. ही युक्ती माझी स्वतःची, आणि या प्रकरणात जे मोजकं यशस्वी झालं त्यात ती पहिली. फ्रीजमध्ये ताटांना जागा करायला इडलीचं पीठ बाहेर काढलं होतं. संध्याकाळी ते झाकण ढकलून ओट्यावर उतरलं. त्या घरात त्या दिवशी नीट फुगलेलं तेवढंच.

सव्वा किलो मैदा, पाऊण किलो बिनमिठाचं लोणी, अर्धा किलो पिठीसाखर. आमच्या छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी नऊ झबली मावतात. १८० अंशांवर बारा मिनिटं, असे सात घाणे. तुटणारी तुटणार म्हणून आठवा. गुरुवारी रात्री साडेअकराला डायनिंग टेबलावर पासष्ट फिकट पिवळी झबली ओळीनं वाळत पडली होती आणि मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला उठवून दाखवली. ती म्हणाली, "छान. झोपा आता."

खरं संकट आयसिंगचं. त्या गुळगुळीत थराला रॉयल आयसिंग म्हणतात. अंड्याचा पांढरा बलक आणि चाळलेली आयसिंगची साखर फेटायची, की ते वाळून चिनी मातीसारखं कडक होतं. पण भाचीच्या सासरी अंडं चालत नाही. यावरही जगानं उपाय शोधलेला आहे: काबुली चणे शिजवलेलं पाणी. ज्योएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गायकानं २०१४ मध्ये दाखवून दिलं, की कडधान्याचं हे दाटसर पाणी फेटलं तर अंड्याच्या बलकासारखा फेस धरतं. मी हे आईला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"हा कट आहे," ती म्हणाली.

"कसला कट?"

"अरे, कट. डाळ शिजवल्यावर वर राहतो तो. ह्याची आमटी करतात."

"आई, एका फ्रेंच माणसानं २०१४ साली..."

"तुझी आजी २०१४ च्या आधीच गेली," आई म्हणाली, "आणि तिच्या कटाच्या आमटीला लोक वाडीच्या त्या टोकाकडून यायचे."

कट पंधरा मिनिटं फेटला. फेस काही येईना. चूक भांड्याची होती. या फेसाला स्निग्धाचा एक थेंब खपत नाही, आणि मराठी स्वयंपाकघरात स्निग्धाचा एक थेंब नाही असं भांडं शोधायचं म्हणजे मोहरीचा दाणा मागत दारोदार हिंडण्यातला प्रकार. शेवटी आईच्या देवघरातलं पंचामृताचं काचेचं भांडं मागून घेतलं, लिंबाच्या फोडीनं घासलं, आणि काय सांगू, त्या छोल्यांच्या पाण्याचा कापसासारखा शुभ्र ढग झाला. मीही दोन मिनिटं फेटणी हातात धरून बघत राहिलो. आईसुद्धा चष्मा लावून आली. "आमटी वाया गेली," म्हणाली, पण बोट लावून चाखलंन.

पुढचं तंत्र भातशेती पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. आधी घट्ट आयसिंगनं कडेनं बांध घालायचा, मग पातळ करून आत पाणी सोडायचं. किती पातळ, तर आयसिंगमधून सुरीनं रेघ ओढायची आणि मनात आकडे मोजायचे. पंधराच्या आसपास रेघ बुजली पाहिजे. आठातच बुजली तर बांध फुटतो, तिसापर्यंत गेली तर खाचर उंचसखल राहतं. मी हिशेबातला माणूस, आकडे मोजायला मला कंटाळा नाही. पण घरी मिक्सरवर दळलेली साखर मी एकदाच चाळली होती, आणि बांध घालायच्या नोझलचं भोक सुईच्या नेढ्याएवढं. प्रत्येक तिसऱ्या झबल्याला त्यात साखरेचा खडा अडकायचा, मी कोन दाबायचो, आणि माल पुढून यायच्या ऐवजी मागून माझ्या बाहीत यायचा.

अकराव्या झबल्याला बायको येऊन मागे उभी राहिली.

"अहो, मेंदीचा कोन धरतात तसा धरा ना."

"मी आयुष्यात कधी मेंदी काढली?"

"मग ठेवा तो खाली."

तिनं साखर पुन्हा दोनदा चाळायला लावली, नवा कोन वळला आणि बसली. हात टेबलाला न लावता, मनगट हवेत, कोनाचं टोक कुकीपासून अर्धा इंच वर. रेघ वरून अलगद पडू द्यायची, घासायची नाही. चाळीस झबल्यांना गळे, बाह्या, काजं लागली. मी पाणी सोडत गेलो आणि टाचणीनं बुडबुडे फोडत गेलो. ही पदावनती मी आनंदानं स्वीकारली. शुक्रवारी रात्री दहाला सगळं झालं. निम्मी गुलाबी, निम्मी निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. चोवीस तास वाळवायची, शनिवारी रात्री पिशव्यांत भरायची, रविवारी डोहाळजेवण. वर पंखा फुल्ल. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बावीस जणांनी अंगठे पाठवले. ते अंगठे मी अजून जपून ठेवले आहेत, कारण त्यानंतर त्या झबल्यांचं कौतुक कुणीही केलेलं नाही.

रात्री दीडला पाऊस आला. अडीचला लाईट गेली. पंखा थांबला.

सकाळी टेबलापाशी गेलो तर झबल्यांना घाम फुटला होता. वरचा थर चकचकीत दिसत होता, पण बोट लावलं की बोट आत. गुलाबी रंग पांढऱ्या ठिपक्यांत उतरला होता. जिथे दोन कुकी एकमेकींना चिकटल्या होत्या तिथे गुलाबी निळ्यात आणि निळा गुलाबीत मिसळून स्वच्छ जांभळा तयार झाला होता. गर्भातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे. डोंबिवलीत त्या कायद्याची इतकी चोख अंमलबजावणी कधी झाली नसेल.

आई देवपूजा आटोपून आली. एका कुकीवर तर्जनी टेकवली, अंगठ्यावर घासली.

"पाक सुटलाय," ती म्हणाली. "पावसाळ्यात हलवा करायला घेतलास, मला विचारायचंस तरी!"

"हलवा कुठला, आई? हे रॉयल आयसिंग."

"साखरच ना?"

मग ती खुर्ची ओढून बसली. आईचा काटेरी हलवा आमच्या नात्यात प्रसिद्ध होता. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस ती पहाटे चारला उठायची. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस नाहीतर तीळ, शेजारी वाटीत पाक. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचे, वाळले की पुन्हा चमचाभर. चटके बसायचे म्हणून बोटांना ओलं फडकं गुंडाळायची. तीन-तीन, चार-चार दिवस एकाच मुठीभर दाण्यांवर. बाहेर थंडी कोरडी पडली की एका पहाटे त्या दाण्यांवर काटे उभे राहायचे, आणि मग ती आम्हा सगळ्यांना उठवून दाखवायची. आम्ही झोपेत "छान" म्हणायचो. माझ्या बायकोचे पहिल्या संक्रांतीचे दागिने, मंगळसूत्रापासून बाजूबंदापर्यंत, त्याच हलव्याचे.

"आभाळ आलं की मी परात उचलून ठेवायची," आई म्हणाली. "दमट हवेत साखर ऐकत नाही. तुझ्या फ्रेंच माणसाला विचार."

निदान आईनं केलं, उपाय बायकोनं. आमच्या घरात एकच एसी आहे, बेडरूममध्ये. डबलबेडवरची गादी उचलली, फळ्यांवर वर्तमानपत्रं आणि बटरपेपर अंथरलं आणि झबली ओळीनं निजवली. लाईट आली तशी दार बंद करून एसी चोवीसवर. शनिवारचा पूर्ण दिवस आणि रात्र पासष्ट झबली गारव्यात बेडवर, आणि आम्ही तिघं हॉलमध्ये चटईवर डास मारत. रात्री दोनदा उठून मी दार किलकिलं करून पाहिलं. तान्हं बाळ घरात आल्यासारखं चाललं होतं. आईनं झोपेतच विचारलं, "निजलीयत का?"

एसीनं पाणी ओढून घेतलं. सकाळपर्यंत थर कडक झाला, एवढं मान्य करायलाच हवं. रंग मात्र जिथे गेले होते तिथेच राहिले. रविवारी मेगाब्लॉक होता, त्यामुळे ठाण्याच्या हॉलपर्यंत रिक्षानं गेलो, मांडीवर दोन खोके. शिळफाट्याच्या खड्ड्यांनी नऊ झबल्यांच्या बाह्या घेतल्या.

हॉलवर भाचीच्या ओट्या भरल्या गेल्या, तिला झाकलेल्या दोन वाट्यांतून एक निवडायला सांगितली. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पेढा निघाला. टाळ्या झाल्या. मग माझ्या पिशव्या वाटल्या गेल्या आणि तिथे दुसराच खेळ सुरू झाला.

"हे काय, जास्वंद?"

"छे, कासव असेल."

"जांभळा स्वेटर आहे हो तो. बाळ हिवाळ्यात होणार वाटतं."

विहीणबाई मात्र पिशवी उघडून तिथेच अर्धी कुकी खाऊन मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "चव छान आहे हो. ह्यात अंडं नाही ना?"

"नाही," आईनं मी तोंड उघडायच्या आत सांगितलं. "कट आहे."

त्यांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी मान डोलावली आणि उरलेली अर्धीही संपवली. बहीण मला बाजूला घेऊन विचारत होती, "दादा, किती खर्च आला रे?" मी लोणी, साचे, रिक्षा आणि दीड दिवसाचा एसी धरून हिशेब केला होता, पण सांगितला नाही.

परतताना भाची दारापर्यंत आली. "मामा, बारशालाही करशील?"

"बारशाला नको," आई म्हणाली. "ऑक्टोबरचा काय भरवसा. बोरन्हाणाला करू. जानेवारीत हवा कोरडी असते, मी हलवा करीन, हा झबली करील." मग रिक्षात बसता बसता माझ्याकडे वळून म्हणाली, "पण बोरन्हाणात सगळं बाळाच्या डोक्यावर ओततात. तेव्हा जरा लहान कर, आणि इतकं कडक करू नकोस."