पायथ्याच्या नालीतलं पाणी म्हणजे पाळ फुटणं नव्हे

"तलावाची पाळ गळते, दुरुस्ती बोगस, तलाव फुटणार" असा मेसेज पायथ्याच्या नालीच्या व्हिडिओसह फिरतो आहे. ती नाली झिरपा, म्हणजे पाळीतून पाझरणारं पाणी, बाहेर काढायलाच ठेवलेली असते. मातीची पाळ थोडी झिरपतेच. अगदी कोरडी नाली दिसली तर उलट ती बुजली तर नाही ना, हे आधी पाहावं लागतं.

झिरपा मोजायला नालीच्या तोंडाशी ९० अंशांची व्ही-नॉच पट्टी, म्हणजे V आकाराची खाच असलेली पट्टी, बसवतात. खाचेच्या खालच्या टोकापासून वर ५ सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला सुमारे पाऊण लिटर, १० सेंमी म्हणजे जवळपास ४.४ लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पट. म्हणून बोटभर वाढही नोंदवायची. वाचन खाचेपासून थोडं मागे घ्यावं, ऐन खाचेत पाणी खाली वाकतं. तलावाची पातळी तीच असताना झिरपा वाढला, किंवा काचेच्या ग्लासात भरून ठेवलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ बसला, तर पाळीतली माती वाहून चालली असू शकते. हे मात्र तासाभरातच कळवा.

काळी माती टाकून नाली बुजवा, असाही सल्ला ऐकू येतो; तो कुणी दिला कोण जाणे! पाणी आत कोंडतं, उतार भिजून घसरतो. गढूळ पाणी झरत असेल तिथे बुजवण्याऐवजी आधी जाडी वाळू, मग बारीक गिट्टी, वर दगड असे थर टाकायचे.