खुलासा : रायफलवरचा तो तपकिरी थर गंज नव्हे

नाशिकच्या परवानाधारकांमध्ये एक मेसेज फिरतोय : जुन्या लष्करी रायफलवरचा तपकिरी थर म्हणजे गंज, पॉलिश पेपरने घासून काढा. कृपया घासू नका! तो बहुतेकदा कॉस्मोलीन असतो, साठवणीआधी लावलेलं पेट्रोलियमचं ग्रीस. वर्षानुवर्षांनी ते मेणासारखं घट्ट होतं. नखाने खरवडून बघा. मेणचट वळी निघाली तर ग्रीस, कोरडी भुकटी निघाली तर गंज. घासल्यावर पोलादावरचं ब्लूइंग, म्हणजे गंजापासून वाचवणारा निळसर-काळा थर, जातं आणि मग खराच गंज धरतो. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा. धातूचे भाग मोकळ्या हवेत रॉकेलने धुवा, पुसा, हलकं तेल लावा. पेट्रोल मुळीच नको, त्याची वाफ पेट घेते. लाकडी दस्ता कागदात गुंडाळून आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात थोडा थोडा वेळ ठेवा. ग्रीस पाझरून कागदात उतरतं.