साहेब फिरतीवर आहेत

संभाजीनगरवाल्यांचं बरं असतं. पाहुणा आला की त्याला सकाळी वेरूळला नेऊन फिरवायचं, उतरत्या उन्हात बीबी का मकबरा दाखवायचा, आणि एवढं करूनही तो थकला नाही तर विद्यापीठाच्या अंगाला सुनहरी महाल आहेच. औरंगजेबाबरोबर दख्खनेत आलेल्या बुंदेल्या पहाडसिंगाचा तो वाडा, आत आता सरकारी वस्तुसंग्रहालय. सोनेरी रंगातल्या चित्रांवरून नाव पडलं. ते सोनं हल्ली मान वाकडी करकरून शोधावं लागतं, पण त्यात पाहुण्याचा अर्धा तास जातो हे महत्त्वाचं. धाराशिववाल्यांना तेर आहे. तेर म्हणजे पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकातलं तगर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तिथल्या पांढरीतून जे काय गोळा केलं, त्याचं संग्रहालय झालं. पॉम्पेईच्या राखेत १९३८ साली जी हस्तिदंती बाई सापडली, तिची बहीण शोभावी अशी मूर्ती तेरलाही निघाली. भोकरदनलाही तसलीच निघाली.

आमच्या तालुक्याच्या गावाला यातलं काही नाही. पॉम्पेईचं राहू द्या, आमच्याकडून परळीलाही धड थेट गाडी नाही. होती ती एक जुनी तहसील कचेरी, निजामाच्या राज्यात बांधलेली. दोन हात जाडीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी तुळया, लांब दांडीचे पंखे. ती धोकादायक ठरवली गेली आणि कचेरी बायपासवरच्या नव्या इमारतीत गेली. नवी इमारत पहिल्याच पावसात गळली. जुनी अजून कोरडी आहे. मग कुणाच्या तरी मनात आलं आणि जुनीचं वस्तुसंग्रहालय झालं. गावाचं नाव मी सांगणार नाही. मला अजून तिथून सातबारा काढायचाय.

मे महिन्यात पुण्याहून मावसभाऊ आला. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. बरोबर वहिनी आणि आठवीतला चिरंजीव. त्रेचाळीस डिग्रीत माणसं घराबाहेर पडत नाहीत, पण पुण्याच्या माणसाला 'इथं बघण्यासारखं काय आहे?' हे विचारल्याशिवाय जेवण पचत नाही. मी 'संग्रहालय' असं पुटपुटायला आणि मामा ओसरीवरून उठायला एकच गाठ पडली.

मामांचं सांगतो. बाहत्तरच्या दुष्काळात ते कारकून म्हणून लागले. रोजगाराच्या कामावरची हजेरीपत्रकं लिहिता लिहिता महसूल खात्यात मुरले आणि नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले. मधली बरीच वर्षं याच इमारतीत गेली. त्यामुळे 'संग्रहालय बघायला चला' असं कुणी त्यांना म्हणावं लागत नाही. ते ड्यूटीवर निघाल्यासारखे निघतात. शर्टाच्या खिशाला पेनसुद्धा लावतात, दोन रंगांची.

दारात टेबल टाकून एक जण बसला होता. त्याच्यापुढे वही.

"कुठून आलाव?"

"पुण्याहून," अण्णा म्हणाला.

"काय काम हाय?"

"संग्रहालय बघायचंय."

"ते हाय वो. पण काम काय हाय?"

वहीत रकाने होते: नाव, गाव, कामाचे स्वरूप, कोणाला भेटायचे. कचेरी गेली तरी तिच्या वह्या शिल्लक होत्या आणि त्या संपेपर्यंत वापरायच्या असा नियम असणार. वहिनींना लिखाणाची हौस. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात 'इतिहासाला' असं लिहिलं. त्याने वही आपल्याकडे फिरवली, बोट ठेवून वाचलं आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता सांगितलं, "कुणाला बी भेटायचं असू द्या, साहेब आज फिरतीवर हायेत."

तिकीट दहा रुपये. पैसे काढले तर घेईना. पावतीपुस्तक संपलेलं, नवं पुस्तक साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे. पावतीशिवाय पैसे घेता येत नाहीत, पैशांशिवाय आत सोडता येत नाही. अण्णाने फोन काढून 'ऑनलाइन' असं काहीतरी म्हटलं. त्या माणसाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की अण्णाने फोन परत खिशात घातला. शेवटी मामा पुढे झाले. कोऱ्या कागदावर कच्ची पावती, त्यावर माणसांची संख्या, रक्कम अक्षरी, खाली 'पक्की पावती मिळाल्यावर ही रद्द समजावी' आणि दोघांच्या सह्या. त्या माणसाचा चेहरा प्रथमच खुलला. इतका वेळ त्याच्याशी कुणी त्याच्या भाषेत बोललंच नव्हतं.

आत गेलो. पहिल्याच दालनात तांबड्या दोरीच्या आड एक मेज आणि एक खुर्ची. पाटी: 'निजामकालीन आसन'. मामा थांबले. चष्मा बदलला. 'स्पर्श करू नये' या पाटीला ओलांडून, गुडघ्यावर हात ठेवून ते सावकाश खाली बसले, फोनचा टॉर्च लावला आणि खुर्चीच्या बुडाखाली डोकं घातलं. पाठीमागे एक शाळकरी पोरांची रांग होती, ती सगळी वाकली. बुडाच्या फळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने ब्रशचे केस दिसावेत अशा अक्षरात लिहिलं होतं: 'त.का. ज.सं. १४३/७८'.

"अठ्ठ्याहत्तर," मामा खुर्चीखालून म्हणाले. "जडसंग्रह नोंदवहीला मीच चढवलेली. तीन कोटेशनं मागवून."

"पण पाटीवर तर निजामकालीन लिहिलंय," वहिनी म्हणाल्या.

"निजाम कुठला? मोरारजीकालीन म्हना."

तिथून पुढे मामांना धरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. दुसऱ्या दालनात नाण्यांची पेटी होती. हाली शिक्क्याचा रुपया, त्यावर चारमिनार. चिरंजीवाने विचारलं, हैदराबादची नाणी आपल्याकडे कशी? पुण्याच्या शाळेत शिकलेल्या मुलाला ते ठाऊक नसणं स्वाभाविक आहे. देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, आम्ही पुढच्या वर्षी १७ सप्टेंबरला. महाराष्ट्रातल्या मंडळींना आमचं हे तेरा महिने उशिरा येणं एसटीसारखंच नेहमीचं वाटत असावं. मामांनी मात्र त्याला नीट समजावलं. निजामाचा दिवाण सालारजंग याने १८६५ साली जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडले, अव्वल तालुकदार म्हणजे तालुक्याचा नव्हे तर जिल्ह्याचा मालक, आताचा कलेक्टर. "मग तालुक्याचा कोण?" "तहसीलदार." "मग तालुकदार नाव कशाला?" मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ते शासनाला विचार."

शेजारी काचेखाली उर्दू कागद. त्याची पाटी मी आधीही वाचलेली होती आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं: 'इ.स. १३५७ मधील शासकीय पत्र'. चिरंजीव भारावला. महाराजांच्याही आधीचं! त्याने फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. मामा काचेला नाक लावून बघत होते. "तेराशे सत्तावन सालात रबरी शिक्का कुठून आला रे?" मग त्यांनीच उलगडा केला. ते साल फसली. निजामाच्या कारभारात फसली साल चालायचं, त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं. म्हणजे हा कागद १९४७-४८ चा. सहाशे वर्षांचा कागद आमच्या डोळ्यांदेखत आमच्या वडलांच्या वयाचा झाला. चिरंजीवाने ग्रुपवरचा फोटो काढून टाकला, तोवर त्याला बत्तीस अंगठे आले होते.

खजिन्याची खोली आणि तिला लागून कोठडी. पूर्वी तहसिलीत खजिना असायचा, दारावर बंदूकधारी गार्ड असायचा आणि तो तासातासाला घंटा द्यायचा, ज्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं. आता खजिन्यात झाडू आणि मोडके बाक आहेत, आणि कोठडी हा गावातला फोटो काढायचा सगळ्यात लोकप्रिय स्पॉट आहे. गजाआडून दु:खी चेहरा करायचा. लग्नाआधीचे फोटोसुद्धा तिथं काढतात, त्यावर मी काही बोलणार नाही. आमच्या पाहुण्यांनीही रांग लावून नंबर घेतला, आत शिरले, दार ओढून घेतलं, आणि ते उघडेना. वहिनींचा दु:खी चेहरा हळूहळू अस्सल होत गेला. मी शिपायाला हाक मारली तर त्याचं जेवण चाललं होतं. मामा लांबूनच ओरडले, "वर उचल अन् डाव्या अंगाला ढकल! ऐंशी सालापासून ते तसंच हाय!" उघडलं.

एव्हाना मामांचे गुडघे बोलायला लागले होते. 'बसू नये' असं कुठंही लिहिलेलं नव्हतं, आणि स्वतः जडसंग्रहाला चढवलेल्या खुर्चीवर बसायला माणसाला परवानगी कशाला लागते? तांबडी दोरी जरा बाजूला सारून मामा मोरारजीकालीन आसनावर बसले. दोन्ही कोपरं मेजावर टेकली. त्या खुर्चीत काय होतं देव जाणे, मामांची पाठ ताठ झाली, मिशी वर आली आणि दहा मिनिटांत दारातून धोतर-टोपीतला एक म्हातारा प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून आत आला. त्याने खुर्चीतला माणूस पाहिला आणि हात जोडले.

"रामराम साहेब. खासऱ्यासाठी आलतो."

मामांनी त्याला 'हे संग्रहालय आहे' असं सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "बसा. कोणतं साल?"

"चोपन्न-पंचावन्न."

मराठवाड्यातल्या माणसाला हे साल पाठ असतं. ५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे कुठली जमीन कुणाकडे याची जुनी नोंद, ही आमच्याकडच्या जमिनीच्या भांडणांची गंगोत्री. भाऊबंदकी कुठल्याही पिढीत चालू असो, वकील शेवटी तिथंच नेऊन सोडतो. म्हाताऱ्याने हकीकत सांगितली. नव्या कचेरीत गेला, तर तिथले म्हणाले तुमच्या सर्कलचं पुस्तक संग्रहालयात गेलं. इथं आला, तर इथले म्हणाले इथं पुस्तकं बघायला ठेवलीत, नकला तिकडं मिळतात. तो बायपासवर आणि इथं असा हेलपाटे मारत होता आणि रिक्षावाल्याशी त्याची सोयरीक व्हायची तेवढी राहिली होती.

अण्णा हे सगळं मोबाइलवर चित्रित करत होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हे फार छान केलंय हं तुमच्याकडे. जुन्या कचेरीचा जिवंत देखावा! आमच्याकडे केळकर संग्रहालयातसुद्धा असं नाही. तो म्हातारा काय अस्सल काम करतो!" मी त्याला काही सांगायच्या फंदात पडलो नाही. कारण तोवर म्हाताऱ्याच्या मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले होते आणि शिपायाने जेवण आटोपून मामांपुढे पाण्याचा ग्लास आणून ठेवला होता. न मागता.

मामा उठले आणि म्हाताऱ्याला घेऊन शेवटच्या दालनात गेले. तिथं काचेच्या पेटीत ते पुस्तक होतं. मळक्या कापडी पाठीचं, मधोमध उघडून ठेवलेलं, वर एक पिवळा दिवा. पाटी: 'जुने महसुली दप्तर'. मामा वाकले. म्हाताराही वाकला. उघड्या पानावर सर्व्हे नंबर ६१ पर्यंतच्या नोंदी होत्या.

"तुमचा कितवा?"

"बासष्ट, साहेब."

बराच वेळ दोघं त्या काचेकडे बघत राहिले. एक पान. उलटलं की झालं. मामांनी शिपायाकडे पाहिलं. पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे, साहेब फिरतीवर.

मग मामा पुन्हा त्यांच्या मेजावर गेले, खिशाचं पेन काढलं आणि म्हाताऱ्याच्या नावाने अर्ज लिहायला घेतला. समास सोडून, वर उजवीकडे दिनांक. 'विषय: काचेच्या पेटीतील खासरा पत्रकाचे एक (१) पान उलटणेबाबत.' खाली तीन परिच्छेद, शेवटी 'ही नम्र विनंती'. म्हाताऱ्याने अंगठा उठवला. शिपायाने अर्ज घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि टेबलाच्या खणातून आवक-जावकचा शिक्का काढून त्यावर मारला. शिक्का अजून जुन्या कचेरीचाच होता. कुणाचीच हरकत नव्हती.

"कधी येऊ?" म्हाताऱ्याने विचारलं.

"सोमवारी या."

अण्णाने दारावरची पाटी वाचलेली होती. तो मध्ये बोलला, "अहो, पण सोमवारी संग्रहालय बंद असतं ना?"

"म्हनूनच सांगायलो," शिपाई म्हणाला. "सोमवारीच साहेब असतेत."