फायटरला दोन लिटरची बरणी पुरत नाही

मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. जळगावपासून नंदुरबारपर्यंत लोक तो डोळे झाकून पुढे पाठवतात. मेसेज थोडक्यात असा: ‘फायटर म्हणजे बेटा मासा थायलंडच्या भातशेतीत, म्हशीच्या खुराच्या खड्ड्यातल्या पाण्यात राहतो. तो वरची हवा घेतो, म्हणून फिल्टर नको. दोन लिटरची बरणी भरपूर झाली. मोठ्या टँकमध्ये तो घाबरतो. आपल्याकडे गरमी, त्यामुळे हिटरचा प्रश्नच नाही. आठवड्याला सगळं पाणी बदला, बरणी घासा, बस्स.’

यातली एकच गोष्ट पूर्ण खरी आहे. फायटर वरची हवा घेतो. तिच्या आडोशाने बाकीचं सगळं खपून जातं, आणि त्याची किंमत मासा मोजतो.

आधी खुराचा खड्डा बघू. फायटर मूळचा थायलंडच्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. तो दलदलीत, कालव्यांत, भातखाचरांत राहतो. तिथलं पाणी उथळ असतं, हे बरोबर. पण उथळ म्हणजे थोडं नव्हे. आपल्या नवापूरकडची खाचरं आठवा. एक गुंठा खाचरात चार बोटं, म्हणजे साधारण 7-8 सेंटीमीटर पाणी धरलं तरी ते सात-आठ हजार लिटर भरतं. शिवाय त्यात गवत, शेवाळ, किडे, अळ्या. पाणी आटलं की काही मासे खड्ड्यात अडकतात, हेही खरं. ते पावसाची वाट बघत तग धरतात, आणि पाऊस लांबला तर मरतात. अडचणीत सापडलेल्या माशाची जागा आपण त्याचं घर म्हणून का द्यायची?

आता हवेचा मुद्दा. याच्यावर जरा थांबायला हवं, कारण घोटाळा इथेच होतो.

फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घड्यांचं इंद्रिय असतं, त्याला लॅबिरिंथ म्हणतात. तो वर येतो, हवेचा घोट घेतो आणि त्यातला ऑक्सिजन या इंद्रियातून रक्तात जातो. म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही तो जगतो. पण माशाच्या शरीरात तयार होणारा अमोनिया कल्ल्यांवाटे पाण्यातच सुटतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. वरून कितीही हवा घेतली तरी हा अमोनिया कुठेही जात नाही. माणसाला नाकाला ऑक्सिजनची नळी लावून गटारात बसवलं तर त्याला बरं वाटेल का? दोन लिटरमध्ये तेच होतं. कल्ले भाजतात, पंख अंगाला चिकटतात, कडा झिजतात, रंग फिका पडतो. मासा तळाशी बसून राहतो आणि घरचे म्हणतात, ‘शांत स्वभावाचा आहे.’

आणि आपल्या भागात हे जास्तच लागू पडतं. बऱ्याच घरांत बोअरचं जड पाणी. बादलीच्या कडेला, हिटरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, तेच पाणी. अशा पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं की अल्काकडे त्याचं माप) बहुधा 7 च्या वर असतो. माती परीक्षणाचा कागद हाताळलेल्या शेतकऱ्याला सामू सांगायला नको. सामू 7 वरून 8 वर गेला की एकूण अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. फायटर जड पाणी सोसतो, अमोनिया सोसत नाही. म्हणजे मे महिन्यातली भुसावळची बरणी ही माशासाठी सगळ्यात वाईट जागा.

यावर उपाय फिल्टर. ऑक्सिजनसाठी नव्हे, जिवाणूंसाठी. स्पंजमध्ये, खड्यांवर जिवाणू वस्ती करतात आणि अमोनियाचं आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला काही आठवडे लागतात. दर आठवड्याला सगळं पाणी ओतून बरणी घासणारा माणूस ती वस्ती दर आठवड्याला उखडून टाकतो. वर माशाला एकदम वेगळ्या तापमानाच्या पाण्यात टाकतो. त्यापेक्षा आठवड्याला पाव भाग पाणी बदला. स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून ड्रम भरून ठेवायची आपली सवय इथे कामी येते. उघड्या बादलीत एक दिवस ठेवलेल्या पाण्यातला साधा क्लोरीन बराचसा उडतो. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब आहेतच.

हिटर नको, असं म्हणणाऱ्याने डिसेंबर-जानेवारीतली धुळ्याची पहाट आठवावी. तेव्हा पारा 10 अंशांच्या खाली जातो. फायटरला साधारण 25 ते 27 अंश मानवतं. बरणी खोलीबरोबर तापते आणि खोलीबरोबरच गार पडते. दुपारी कूलर चालू, मग लाइट जाते, मग पुन्हा कूलर, असा झोका दोन लिटरचं पाणी तासाभरात खातं. 25 लिटरला तेवढंच बदलायला कितीतरी जास्त वेळ लागतो. थंडीत त्याला छोटा, आपोआप बंद होणारा हिटर लावा. उन्हाळ्यात टँक पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा, झाकण जाळीचं करा आणि पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या. झाकण मात्र हवंच, फायटर उडी मारतो.

‘मोठ्या टँकमध्ये घाबरतो’ यात थोडं तथ्य आहे. रिकामा काचेचा डबा, जोराचा फिल्टर आणि लपायला काहीच नाही, असं असेल तर लांब पंखांचा मासा दमतो, कोपऱ्यात दबून राहतो. पण दोष रिकामेपणाचा आणि धारेचा आहे, आकाराचा नाही. जावा फर्न, अनुबियास यांसारखी कमी उजेडात टिकणारी झाडं लावा, एक मातीचं मडकं आडवं ठेवा, हवेच्या पंपावरचा स्पंज फिल्टर अगदी मंद चालवा. मग तोच मासा पूर्ण टँकभर फिरतो, पानावर टेकतो, पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो.

राहिलं दुकानाचं. ‘दुकानात तर पेल्यातच ठेवतात ना भो!’ ठेवतात, कारण दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात. ती विक्रीपुरती सोय असते. आणि फुलदाणीत झाड लावून खाली फायटर सोडायचा, तो मुळं खाऊन जगतो, हे तर सपशेल खोटं. तो मांसाहारी आहे, किडे आणि अळ्या खाणारा. तिथे तो उपाशी मरतो.

मग टँक किती मोठा? एका फायटरला कमीत कमी 20 लिटर पाणी. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक काठोकाठ 28 लिटरचा होतो. वर दोन बोटं मोकळी सोडून तो बरोबर बसतो. उंच आणि अरुंद घेऊ नका, लांबट घ्या, कारण हवेसाठी त्याला सारखं वर यावं लागतं. नीट ठेवलेला फायटर दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. बरणीतला सहा महिन्यांत गेला की ‘याचं आयुष्यच तेवढं’ म्हणणं बरोबर नाही.

ज्यांच्या घरी आज बरणीच आहे, त्यांनी टँक येईपर्यंत रोज तिसरा हिस्सा पाणी बदलावं, साठवलेल्या आणि तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने. खाणं अगदी मोजकं, दोन-तीन दाणेच. टँक भरला की ओळखीच्या कुणाच्या निरोगी, चालू टँकमधला जुना स्पंज मागून आणा आणि नव्या फिल्टरला जोडा. जिवाणू त्यातून येतात. मग मासा सोडा.