मालकाचं उत्तर: तो स्क्रू ड्रायव्हर साधा नव्हता, साहेब

नमस्कार साहेब,

रविवारी रात्री तुम्ही टाकलेला रिव्ह्यू वाचला. एक तारा, दोन फोटो आणि चार तक्रारी. साध्या स्क्रू ड्रायव्हरचे ४२० रुपये घेतले आणि आठ दिवसांत त्याचं टोक उडालं, ‘हलका माल’. दुपारी पावसात शटरबाहेर पाऊण तास उभं केलं. माल असून दिला नाही. आणि शेवटी ‘काकांचा तोंडाचा पट्टा फार चालतो’. तुम्ही चंदगडहून शिनोळी ओलांडून एवढ्या लांब बेळगावात, आमच्या बंदुकीच्या साफसफाईच्या सामानाच्या दुकानात आलात आणि नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पावसात उभं राहावं लागलं ही चूक आमचीच. मुलगा बँकेत गेला होता, मी वर जेवायला बसलो होतो आणि शटरवर वेळ लिहिलेली नाही. ती लिहून घेतो.

पट्ट्याबद्दल म्हणाल तर आमच्या घरातही तेच मत आहे, त्यामुळे त्यावर मी वाद घालत नाही.

खरं त्या स्क्रू ड्रायव्हरला ‘साधा’ म्हणालात, ते काही केल्या घशाखाली उतरत नाही. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण रागात लिहिलं असतं. आज लिहितोय. थोडं लांबेल.

हार्डवेअरच्या दुकानात मिळतो त्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं असतं, वर जाड आणि खाली निमुळतं. दाराच्या बिजागरीला ते चालतं, कारण तिथली खाच मुळातच ढिली असते. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद, तिच्या भिंती सरळ उभ्या. त्यात पाचर घातली की ती तळापर्यंत जातच नाही, वरच्या दोन कडांवर अडकून बसते. जोर लावला की टोक वर सरकतं, सटकतं, आणि जाताना खाचेच्या कडा खाऊन जातं. तुमच्या आजोबांच्या दुनळीचा खालचा स्क्रू आठवा. खाचेचा नुसता खळगा झालेला होता आणि शेजारी लोखंडावर एक लांब ओरखडा. ‘हे कुणी केलं?’ असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, ‘आम्हीच, घरातल्या स्क्रू ड्रायव्हरने.’ म्हणून तर तुम्हाला हा दिला.

आम्ही काय करतो ते सांगतो. चांगल्या पोलादाचा तयार स्क्रू ड्रायव्हर आणतो, तोच १६० रुपयांना पडतो. मग त्याचं टोक ग्राइंडरच्या सहा इंची दगडावर दोन्ही बाजूंनी घासतो. दगडाच्या गोलाईने टोकाच्या वर दोन्हीकडून हलकी खोलगट जागा तयार होते आणि अगदी टोकाशी दोन्ही बाजू समांतर राहतात. असं टोक खाचेत तळापर्यंत बसतं, सगळा जोर भिंतींवर सारखा पडतो, सटकायला जागाच उरत नाही. ऐकायला सोपं आहे. घासताना दर दोन-तीन सेकंदांनी टोक पाण्यात बुडवायचं. जरा हयगय झाली आणि टोकावर निळी झाक आली की संपलं, पोलादाचं पाणी उतरलं. मग ते टोक शिशासारखं वाकतं, फेकून द्यावं लागतं. चारातला एक असा जातोच, अजून जातो, आणि मी हे काम पंचवीस वर्षं करतोय. शेवटी व्हर्नियर लावून जाडी बघायची. तुम्हाला दिला तो सहा मिलिमीटर रुंद, टोकाला ०.८ जाड. तुम्ही बंदुकीचा जो स्क्रू दाखवलात, त्याच्या खाचेवर तुमच्यासमोर बसवून दाखवला होता. तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘काका, हा तर चिकटल्यासारखा बसला.’

हे माझ्या वडिलांनी शिकवलं. ते उद्यमबागेत टूल रूमला फिटर होते. बेळगावात फौंड्री आणि लेथ गल्लोगल्ली, त्यामुळे घासून देणारा कुठेही मिळेल. पण टोकाचं पाणी सांभाळून घासणारे किती, ते तुम्ही उद्यमबागेत जाऊन विचारून बघा. ऑनलाइन दीडशेला मिळणारा मीही मागवून बघितला आहे. तो पाचरीचाच आहे, डबी तेवढी छान आहे.

आता ‘टोक उडालं’ त्याबद्दल. कडक टोक जोर घेतं, पण उचकटणं सहन करत नाही. मऊ ठेवलं तर वाकेल, कडक ठेवलं तर तिरक्या जोराला टवका उडेल. दोन्ही एकदम होत नाही, हे कुठलाही लोहार सांगेल. म्हणून देताना सांगितलं होतं की हा फक्त फिरवायला, उचकटायला नाही. तो पट्टा म्हणजे हाच होता, साहेब.

तुमचा दुसरा फोटो जरा मोठा करून बघा. टवका उडाला आहे त्याच्या दोन-तीन मिलिमीटर वर, दांडीच्या एकाच बाजूला, पांढऱ्या ऑइल पेंटचा वाळलेला ओघळ आहे. बंदुकीला पांढरा रंग कुठे असतो? मी आरोप करत नाही. गणपती तोंडावर आलेत, सगळ्यांच्या घरी रंगकाम निघालंय, आमच्याही निघालंय, आणि डब्याचं झाकण उघडायला हाताला येईल ते माणूस घेतो. पण मग ‘हलका माल’ असं चारचौघांत लिहू नये, एवढंच. आमच्या दुकानाला सगळे मिळून एकोणीस रिव्ह्यू होते, सरासरी ४.८. तुमच्या एका ताऱ्याने ४.६ झाली. मोठ्या दुकानांना हे कळतही नाही. मला परवाच खानापूरहून एकाचा फोन आला, ‘तुमचे स्क्रू ड्रायव्हर तुटतात म्हणे?’

‘माल असून दिला नाही’ हे मात्र थोडक्यात सांगतो. तुम्ही दुनळीसाठी काडतुसावर ठोका मारणारा फायरिंग पिन मागितला होतात. काचेच्या कपाटात तुम्हाला दिसल्या त्या एअरगनच्या स्प्रिंगा आणि वॉशर. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ म्हटलं की त्याचे सुटे भागही आले. आमच्याकडे त्याचा परवाना नाही. आम्ही साफसफाईचं सामान, हत्यारं आणि एअरगनचे भाग विकतो, बस्स. परवान्याच्या बंदुकीचं आतलं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या, लॉक, म्हणजे घोड्याची आतली यंत्रणा, घरी उघडू नका, हेही तेव्हा बोललो होतो. तुम्ही म्हणालात, ‘ओळखीत चालतं की.’ नाही चालत, साहेब. ओळखीत चालवलं असतं तर आज रिव्ह्यूला उत्तर द्यायला मी दुकानात नसतो.

नळी पुसायच्या चिंदीच्या पाकिटाला चाळीस रुपये लावल्याचं तुम्ही फोटोखाली लिहिलंय. घरच्या जुन्या धोतराची चिंदी चालेल, आम्ही नाही म्हणत नाही. खरं आमच्याकडे येणारे माजी सैनिक, त्यातले बरेच मराठा लाइट इन्फंट्रीचे, निवृत्तीनंतर बँकेत बारा बोअरची बंदूक घेऊन गार्डची नोकरी करणारे, ते मापात कापलेलीच मागतात: सफाईची चार बाय दोन इंचाची, तेलाची चार बाय दीडची. ते चुकीची घेतच नाहीत. नळीत अडकलेली चिंदी काढायला एकदा बसलात की चाळीस रुपये कमी वाटतील.

आमचा धंदा पावसावर आणि निवडणुकीवर चालतो. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, आणि परत येतात तेव्हा नळीवर तांबूस गंज. २०२३ ला विधानसभा, २०२४ ला लोकसभा, लागोपाठ दोन उन्हाळे बरे गेले. आता पुढच्या निवडणुकीपर्यंत खानापूर-चंदगडच्या पावसावरच भिस्त. तेव्हा तुमच्यासारखं गिऱ्हाईक तोडून मला परवडणार आहे का, तुम्हीच सांगा. म्हणूनच जाताना तुम्हाला सांगितलं होतं, चामड्याच्या कव्हरात बंदूक ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आतल्या आत गंज चढतो. ते फुकट सांगितलं होतं, त्याचा उल्लेख रिव्ह्यूत दिसला नाही.

असो. वेळेची पाटी लावतोय. प्रत्येक स्क्रू ड्रायव्हरला किमतीची चिठ्ठी आणि ‘उचकटायला वापरू नये’ असं मराठीत आणि कन्नडात लिहून बांधायचा विचार आहे. दुपारी खाली कोणीतरी बसेल असंही बघतो, मुलाची परीक्षा संपली की.

तुमचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कधीही या. टवका उडालाय तिथून मागे घासून टोक नव्याने काढून देतो, पैसे घेणार नाही. लांबी चार-पाच मिलिमीटरने कमी होईल, कामात फरक पडणार नाही. बंदूक आणू नका, फक्त त्या स्क्रूच्या खाचेची रुंदी कागदावर लिहून आणा. सकाळी अकराच्या आत आलात तर समोर बसून घासून घेता येईल, चहा आमच्याकडून.

आणि रंगाच्या डब्यासाठी एक जुना, जाड, पाचरीचा स्क्रू ड्रायव्हर काउंटरखाली काढून ठेवलाय. तोही घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत.

आपला,
दुकानाचा मालक