बेअरिंगच आहे ना?

काल संध्याकाळपासून माझा उजवा कान घूंऽऽ करतोय. सेकंडहँड मोटरसायकलपुढे गुडघे टेकून बसलो होतो. पेचकसाचं टोक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचावर, मूठ कानाशी, इंजिन संथ चालू. आवाजाचा उगम शोधायची ही जुनी आणि बघणाऱ्याला हमखास वेडसर वाटणारी पद्धत. इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, तोलणारं मेन बेअरिंग गेलं असेल तर खालून जात्यासारखी घरघर येते. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, म्हणजे बिग एंड, गेलं असेल तर रेस देऊन सोडताना जड ठोका पडतो. पिस्टन सैल असेल तर इंजिन थंड असताना आवाज जास्त आणि तापल्यावर कमी. ठोका कोणता आणि घरघर कोणती हे मी कुठे वेगळं करत होतो, तेवढ्यात शेजारच्या काकांनी मदतीचा हात पुढे केला आणि ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळला.

"आता येईल नीट ऐकू," ते म्हणाले.

बिग एंड खरंच गेलेलं असताना असा पीळ दिला, तर कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसला भोक पाडून बाहेर येऊ शकतो. नशिबाने आला नाही. हे काकांना सांगितलं, तर म्हणाले, "आला असता तर कळलंच असतं ना, काय बिघडलंय ते!"

"बेअरिंगच आहे ना?" म्हणत मग त्यांनी माझी सामानाची यादी उचलली.

"६३०५ सी-३? हा काय, कुणाच्या फ्लॅटचा नंबर?"

"बेअरिंगचा आहे, काका. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ६२, जाडी १७."

"आणि सी-३?"

"आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त मोकळीक. घट्ट बसवलं आणि तापलं की ती मोकळीक कमी होते, म्हणून."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे नवं आणायचं तेही ढिलंच?"

"हो, म्हणजे थोडं..."

"मग जुनं ढिलं झालंय त्याला का बदलता?"

कंपन्यांच्या कंपन्या मायक्रॉन मोजत बसल्यात आणि इथे एका वाक्यात निकाल! यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. रात्री झोपताना एक सुचलं होतं, पण ते छापण्यासारखं नव्हतं.

"बेअरिंगच आहे ना?" हे वाक्य मात्र मी काकांना एकट्याला चिकटवणार नाही, सगळेच म्हणतात. बेअरिंग असतं तळहाताएवढं, पण ते बसतं इंजिनाच्या पोटात. तिथे पोचायला इंजिन फ्रेममधून उतरवायचं, मग हेड, सिलिंडर, पिस्टन, एका बाजूने क्लच, दुसऱ्या बाजूने मॅग्नेट, आणि शेवटी क्रँककेसचे दोन भाग वेगळे करायचे. मॅग्नेट ओढून काढायला त्याच्याच मापाचा पुलर लागतो. दोन भागांमध्ये पेचकस खुपसून उचकटायचं नाही, कारण जोडाच्या सपाट कडेवर पडलेला ओरखडा पुढे जन्मभर ऑइल गाळत राहतो. काही क्लचचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते आधी पुस्तकात बघायचं, नाहीतर सोडवतोय समजून आपण दुप्पट ताकदीने आवळत बसतो. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवायचे. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की आटे गेलेच.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, "इंजिनाला हात लावलेला नाही." बरोबर असेल. हात लावलेला नसावा, छिन्नी लावलेली असावी. स्क्रूंची डोकी गोल झालेली आणि पॅकिंगच्या कडेने फटी बुजवायचा सिलिकॉन बोटभर बाहेर ओघळलेला. बाहेर एवढा, तर आत किती? आत सुटलेली त्याची गोळी पंपाच्या जाळीत किंवा ऑइलच्या बारीक वाटेत अडकली, की बेअरिंग कोरडं पडतं आणि मरतं. आधीच्याने पाच मिनिटं वाचवली आणि माझे महिन्याचे रविवार खाल्ले. म्हणून यादीत नव्या बेअरिंगच्याही आधी तीन कामं लिहिली आहेत: ड्रेन बोल्टवरचा धातूचा चुरा बघणे, ऑइल पंप तपासणे, सगळ्या वाटा धुऊन हवा मारणे. कारण न शोधता नवं बेअरिंग बसवलं तर तेही त्याच वाटेने जाणार.

काकांना पुढचा बेत ऐकायचाच होता. सांगितलं, की क्रँककेस शंभर अंशांपर्यंत तापवायची आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवायचं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ६२ मिलिमीटरचं भोक ऐंशी अंशांनी तापलं की मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं मोठं होतं आणि बेअरिंग आपणहून टपकन आत बसतं. ठोकायचं नाही. दाबावंच लागलं तर केसमध्ये बसवताना बाहेरच्या कड्यावर, क्रँकवर चढवताना आतल्या. चुकीच्या कड्यावर जोर दिला तर तो गोळ्यांमधून जातो, खड्डे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. सिंगल सिलिंडरमध्ये बिग एंडही खराब निघालं तर दाबून जोडलेला क्रँक प्रेसवर खोलावा लागतो आणि पुन्हा जोडल्यावर डायल गेज लावून शतांश मिलिमीटरच्या हिशेबात सरळ करावा लागतो. ते काम यंत्रशाळेचं, घरचं नव्हे.

काका सगळं शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटलं.

"खोलाल तेव्हा हाक मारा," जाताना म्हणाले. "माझ्याकडे दोन किलोचा हातोडा आहे."

सर्क्लिप नव्या, ऑइल सील नवे, पॅकिंगचा पूर्ण सेट, पुलर, टॉर्क रेंच. यादी तयार होती. आज सकाळी वर एक ओळ वाढवली: खोलायचा वार कुणाला सांगू नये.